चकचकीत करू नयेत अशी अवजारे

दसऱ्याच्या आधीचे चार-दोन दिवस सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून फेरी मारली, की नाशिकचे लोखंडाशी किती जवळचे नाते आहे ते कळते. एरवी तेलकट फळीवर कशीही पडलेली अवजारे त्या दिवसांत रांगेने मांडली जातात. कोणी पाने रॉकेलात बुडवून ठेवतो, कोणी पॉलिश पेपरने व्हाइसचे जबडे घासतो, कोणी बेंच ग्राइंडरला तारेचे चाक लावून वर्षभराचा गंज एका दुपारीत उतरवतो, आणि खंडेनवमीला हळदकुंकू-झेंडूखाली सगळे कसे लखलखीत दिसते. या रिवाजाबद्दल माझी तक्रार नाही. सगळी नोकरी टूलरूममध्ये गेल्यामुळे मीही हा सोहळा मनापासून केला आहे. मात्र अवजारांची एक जुनी जात अशी आहे, की तिला लखलखीत करायला जाणे म्हणजे स्वतःच्या आणि घरच्यांच्या फुप्फुसांशी खेळणे होय. ती जात म्हणजे कॅडमियमचा मुलामा दिलेली अवजारे. जुनी हत्यारे जमवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा छंद आता बऱ्याच तरुणांना लागला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कॅडमियम हा जस्ताचा सख्खा भाऊबंद. १८१७ साली फ्रीडरिश श्ट्रोमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला तो जस्ताच्या कार्बोनेटात मिसळलेला सापडला, आणि आजही तो मुख्यतः जस्त गाळतानाच हाती येतो. विजेच्या साहाय्याने लोखंडावर त्याचा थर चढवण्याची पद्धत १९२० च्या दशकात कारखान्यांत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात निकेल आणि क्रोमियम हे धातू लढाईच्या कामासाठी राखून ठेवावे लागले, तेव्हा अनेक अवजार उत्पादकांनी पान्यांवर आणि सॉकेटच्या गोट्यांवर क्रोमऐवजी कॅडमियम चढवले. त्याचे गुणही तसेच होते. खाऱ्या हवेत तो जस्तापेक्षा चांगला टिकतो. थरावर ओरखडा गेला तरी आधी स्वतः झिजतो आणि खालच्या पोलादाला वाचवतो. मऊ आणि निसरडा असल्यामुळे आटे एकसारख्या जोराने आवळले जातात, आणि त्याचा गंज फुगत नसल्याने नट जाम होत नाही. ॲल्युमिनियमच्या सान्निध्यात पोलादाचे बोल्ट गंजण्याचा प्रश्नही तो बराचसा सोडवतो, म्हणून विमानांच्या कामात त्याला फार मान मिळाला, आणि इतर उद्योगांनी त्याला रजा दिल्यानंतरही विमान-उद्योगाने तो पुष्कळ काळ सोडला नाही.

आता नाशिकचा नकाशा डोळ्यांसमोर आणला, की असली अवजारे आपल्याकडे का दिसतात ते वेगळे सांगावे लागत नाही. एका बाजूला देवळालीचा जुना लष्करी कॅम्प, दुसऱ्या बाजूला ओझरचा विमान कारखाना, मध्ये सातपूर-अंबडचे कारखाने. लष्कराची, कारखान्यांची आणि गॅरेजांची निकामी ठरलेली लोखंडी संपत्ती फिरत फिरत शेवटी भंगारात येते. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये उठवला, तोवर तिथे पोत्यातून ओतलेल्या पान्यांच्या ढिगात हात घालणे हा आमच्यासारख्यांचा रविवारचा कार्यक्रम असे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही एखादा म्हातारा विक्रेता फाटक्या ताडपत्रीवर अशी हत्यारे मांडून बसलेला भेटतो. सातपूरच्याच टपारियाची पक्कड घराघरांत असलेल्या या शहरात परदेशी जुन्या पान्याचे अप्रूप कशाला, असे कोणी विचारील. पण ज्याला हातात घेतलेल्या लोखंडाचे वय कळते, त्याला हा प्रश्न पडत नाही.

माझ्याकडचा एक पाना समोर ठेवूनच बोलतो. वीतभर लांबीचा, दोन्ही टोकांना उघडा. एका टोकावर १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएस असे कोरलेले आहे, म्हणजे हा व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचा. या मापात आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, जबड्याच्या रुंदीचा नसतो. त्यामुळे पाव इंच लिहिलेला हा जबडा प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून जरा मोठा भरतो. दांड्यावर ब्रिटिश लष्करी मालावर असे तसा बाणाचा छाप आहे. मुलामा बहुतेक ठिकाणी शाबूत आहे आणि त्याचा रंग क्रोमसारखा निळसर, काचेसारखा नाही; तो राखाडी आहे, किंचित दुधाळ, आणि जबड्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे हात कधी पोचला नाही, तिथे त्यावर फिकट सोनेरी छटा आहे. ती छटा म्हणजे मुलाम्यावर दिलेला क्रोमेटचा पातळ थर. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत पांढरी भुकटी साचली आहे. बघणाऱ्याला ती वाळलेल्या साबणासारखी वाटते. पण ती कॅडमियमच्याच गंजाची भुकटी आहे, आणि या पान्यावरची सगळ्यांत घातक गोष्ट तीच. बोट फिरवले तर चिकटते, फुंकर मारली तर उडते. म्हणून अशा जुन्या अवजारावर फुंकर मारायची नाही, हा पहिला नियम.

कॅडमियम विषारी आहे एवढे म्हणून भागत नाही. कसा विषारी आहे ते समजले, की सफाईची रीत आपोआप ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. श्वासातून गेलेल्या कॅडमियमचा मोठा हिस्सा शरीरात शोषला जातो. पोटात गेलेल्यापैकी साधारण पाच टक्के. शरीरात लोहाची कमतरता असेल तर पोटातून शोषण वाढते, आणि आपल्या घरांतल्या किती बायकांना पंडुरोग असतो हे ठाऊक असताना असला पाना स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुणे हा शुद्ध अविचार आहे. एकदा मूत्रपिंडात जाऊन बसलेले कॅडमियम निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. जपानमधल्या तोयामा परगण्यात जिन्झू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या लोकांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली, त्या ‘इताई-इताई’ रोगाचे मूळ वरच्या अंगाच्या खाणीतून आलेल्या कॅडमियममध्ये आहे, हे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले.

याच्या जोडीला एक दिलाशाची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण घाबरून चांगली अवजारे नाल्यात फेकणारेही लोक मी पाहिले आहेत. शाबूत मुलाम्याचा पाना कपाटात पडून असेल तर तो काहीही करत नाही. नेहमीच्या तापमानाला त्यातून वाफ येत नाही आणि कातडीतून तो फारसा आत शिरत नाही. त्याला उपद्रवी करायला आपली मदत लागते, आणि ती तीन प्रकारांनी होते: कोरडे घासणे, तापवणे आणि आंबट द्रावणात टाकणे. जुन्या हत्यारांना नवे रूप देण्याच्या जेवढ्या म्हणून लोकप्रिय पद्धती आहेत, त्या नेमक्या याच तिन्हींत बसतात.

घासण्याचा हिशेब एकदा मी कागदावर मांडला होता. मुलामा साधारण आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा धरला तर एका चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे ७ मिलिग्रॅम कॅडमियम बसते. अमेरिकेने १९९२ साली कामगारांसाठी घातलेली मर्यादा आठ तासांच्या पाळीत दर घनमीटर हवेला सरासरी ५ मायक्रोग्रॅम एवढी आहे. ते ७ मिलिग्रॅम सगळे धूळ होऊन हवेत गेले असे समजले, तर चौदाशे घनमीटर हवा त्या मर्यादेपर्यंत पोचवायला ते पुरते. आपल्या बाराबाय दहाच्या खोल्या धरल्या तर चाळीसहून जास्त खोल्या. सगळी धूळ हवेत राहत नाही, पुष्कळशी खाली बसते, हे खरे. पण ती कुठे बसते? फरशीवर, बनियनवर, चहाच्या कपाच्या काठावर. झाडूने ती पुन्हा उठते आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर तिला मागच्या तोंडाने बाहेर सोडतो.

आमच्या शेजारचा मुलगा हौशी आहे. अँगल ग्राइंडर घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘काका, द्या इकडे. वायर कप लावला की पाच मिनिटांत आरसा करून देतो.’’ त्याला बसवून घेऊन वरचा हिशेब दाखवला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मग मास्क लावतो की.’’ हे उत्तर इतके सर्रास ऐकू येते की त्यावर थोडे थांबले पाहिजे. चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घालणाऱ्याचे रक्षण करील. पण गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांना, खाली खेळणाऱ्या पोरांना आणि तुळशीच्या कुंडीला कोण मास्क लावणार? धूळ अडवण्यापेक्षा धूळ होऊच न देणे सोपे असते.

तापवण्याचा प्रकार तर याहून वाईट. गॅरेजमध्ये जाम झालेला बोल्ट गॅसच्या ज्योतीने लाल करून सोडवतात. कॅडमियम ३२१ अंश सेल्सिअसला वितळते आणि ७६७ अंशांना उकळते, तेव्हा लाल होणाऱ्या पोलादावरून त्याचा धूर निघणारच. त्या धुराने त्या वेळी फारसे काही वाटत नाही, हीच त्यातली फसवणूक. काही तासांनी ताप, अंगदुखी, छातीत दाटल्यासारखे होणे सुरू होते. माणूस सर्दी-पडसे समजून झोपतो, आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचून तो दगावूही शकतो. गॅल्व्हनाइझ्ड, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा वेल्डिंग केल्यावर येणारा ताप रात्रीत उतरतो, हा अनुभव असलेले जुने वेल्डर कॅडमियमलाही तसेच समजतात. धुळीच्या कामावर गूळ खायला द्यायची आणि धुरानंतर दूध प्यायची पद्धत आपल्याकडे आहे. गूळ-दूध चांगलेच, पण या धुरावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. अशा वेळी त्याच दिवशी इस्पितळ गाठून डॉक्टरांना ‘कॅडमियमचा धूर’ हे शब्द सांगावे लागतात.

राहिले आंबट. मराठी घरात धातू काळवंडला की हात चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो, आणि छंदी मंडळी व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड किंवा गंज काढायचे फॉस्फरिक ॲसिडचे औषध वापरतात. क्रोमच्या किंवा साध्या लोखंडी पान्याला ते चालते. कॅडमियम मात्र आम्लात विरघळते, मुलामा बादलीत उतरतो आणि मग ती बादलीच विष होऊन बसते. बॅटरी चार्जर लावून गंज काढायच्या पद्धतीतही पाण्याची आणि गाळाची हीच गत. शिवाय कडक केलेल्या पोलादाला आम्लात ठेवले की त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते, तो तोटा वेगळाच. काही मुलामे नीटपणे उतरवून नवे चढवून घ्यावेत असे मला एकदा वाटले, म्हणून अंबडमधल्या एका ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे पाना नेला. त्याने तो उजेडात तिरका धरला आणि म्हणाला, ‘‘हे यलो झिंक वाटत नाही. कॅडमियम असेल तर माझ्या टाकीत नको, साहेब. माझं सगळं पाणी नासेल.’’ मला त्याचा राग आला नाही, उलट आदर वाटला.

पण नुसत्या डोळ्यांनी जस्त आणि कॅडमियम यांतला फरक छातीठोकपणे सांगता येत नाही, त्यानेही नुसता संशयच व्यक्त केला होता. खात्री करायची जागा मला अनपेक्षितपणे सराफ बाजारात सापडली. सोन्याचा टंच क्ष-किरणांनी काढणारे यंत्र धातूला ओरखडाही न काढता पृष्ठभागावरची मूलद्रव्ये ओळखते. तिथल्या तरुणाने ‘‘काका, पाना कशाला?’’ म्हणत हसतच तो आत ठेवला, आणि पडद्यावर लोखंडाच्या जोडीला कॅडमियम ठसठशीत उमटले. त्याला या धातूची ओळख माझ्यापेक्षा जास्त होती. एके काळी दागिन्यांवर अभिमानाने ‘केडीएम’ म्हणून सांगत, त्यातले ‘केडीएम’ म्हणजे हेच कॅडमियम: सोन्याचे सांधे जोडायच्या मिश्रणात ते घातले की ते कमी आचेवर वितळे आणि सोन्याचा कस टिके, पण ज्योतीपुढे वाकलेल्या कारागिराच्या छातीत त्याचा धूर जाई. म्हणूनच ते मागे पडले. असे यंत्र हाताशी नसेल, तर युद्धकाळातले, लष्करी किंवा विमानाच्या कामातले राखाडी-सोनेरी अवजार कॅडमियमचेच आहे असे धरून चालावे. ते जस्ताचे निघाले तरी आपले काही बिघडत नाही.

तांबट लेनमध्ये भांड्यांना होणारी कल्हई आठवते, तेव्हा या दोन मुलाम्यांतला विरोध मला नेहमी जाणवतो. कल्हई माणसाला तांब्यापासून वाचवण्यासाठी असते आणि उडाली की पुन्हा करून घ्यायची असते. कॅडमियमचा मुलामा लोखंडाला वाचवतो, त्यासाठी माणसाला धोक्यात घालतो आणि पुन्हा करून घ्यायची सोय नसते. जो आहे, तेवढाच. अवजाराला नवजीवन देणे म्हणजे नागव्या पोलादापर्यंत पोचणे, ही समजूत इथे सोडून द्यावी लागते. जुना थर जितका राखाल तितके काम सुरक्षित आणि तितकेच अवजाराचे मोलही शाबूत.

माझी रीत अशी आहे. काम बाल्कनीत, वारा नसताना, जुन्या स्टीलच्या ट्रेमध्ये करायचे. ट्रेमध्ये प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर वर्तमानपत्र. औषधांच्या दुकानात मिळणारे नायट्राइलचे हातमोजे घालायचे. जवळ चहा नाही, बिडी-सिगारेट तर नाहीच. तंबाखूच्या पानात मुळातच कॅडमियम असते, त्यात बोटांवरचे आणखी कशाला? अवजार उचलण्याआधी त्यावर पातळ तेल किंवा मिनरल टर्पेंटाइन शिंपडायचे, म्हणजे पांढरी भुकटी ओली होऊन जागीच बसते. मग जुन्या बनियनची चिंधी तेलात भिजवून, घासायचे नाही, टिपायचे. एका घडीने एकदाच पुसायचे आणि घडी उलटायची. पहिली घडी राखाडी-काळी निघते, तिसरी-चौथी पिवळट, आणि चिंधी जवळजवळ स्वच्छ निघू लागली की थांबायचे. अक्षरांच्या खाचांसाठी बांबूची काडी चपटी करून, तिच्या टोकाला तेलकट कापसाची बारीक गुंडाळी करून ती खाचेतून हळूच फिरवतो. मऊ नायलॉनचा दात घासायचा ब्रशही चालतो, पण तो झटकला की थेंब उडतात, म्हणून मला काडीच बरी वाटते. शेवटी कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून पिळलेल्या कापडाने एकदा पुसायचे आणि लगेच कोरडे करायचे.

जिथे मुलामा उडून पोलादावर तांबूस गंज चढला आहे, तिथे मोह फार होतो. तिथेही मी तेल मुरवून रात्रभर ठेवतो आणि सुटेल तेवढाच गंज लाकडी काडीने ओल्यातच काढतो. उरलेला डाग राहू देतो. मुलाम्याच्या कडेला स्टील वूल लावले की ते त्या मऊ थराला आधी खाते. रॅचेट असेल तर आत तेल सोडून हातानेच फिरवायचे. कॉम्प्रेसरच्या हवेने ते साफ करणे म्हणजे फुंकर मारण्याचाच मोठा अवतार.

काम झाल्यावर चिंध्या, हातमोजे, वर्तमानपत्र आणि लाकडी भुशात मुरवलेले थोडेसे गढूळ पाणी हे सगळे झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत जाते, आणि बरणीवर ठळक अक्षरांत कॅडमियम असे लिहिलेले असते. मोरीत ओतलेले पाणी टाकळी किंवा तपोवनच्या मलजल केंद्रात गेले तरी कॅडमियम नष्ट होत नाही. ते गाळात बसते, आणि पालेभाज्या ते मातीतून सहज उचलतात. थंडीत शेकोटीत किंवा बंबात तेलकट चिंध्या टाकायची सवय तर इथे अजिबात उपयोगाची नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा वर्ग केला होता, म्हणून बरणी भरली की ती घंटागाडीत इतर कचऱ्यात न मिसळता, आत काय आहे ते सांगून वेगळी द्यायची. सांगताना थोडा वेळ मोडतो, गाडीमागे रांगेतल्या बायका वैतागतात. त्याला इलाज नाही.

साफ झालेल्या अवजारावर शिलाई मशीनच्या तेलाचा किंवा मेणाचा अगदी पातळ हात दिला, की पावसाळा निभावतो. हौसेने नवी लाकडी पेटी करून त्यात ही अवजारे ठेवू नयेत. लाकडातून, विशेषतः प्लायवुड आणि एमडीएफमधून, आम्लाची सूक्ष्म वाफ निघत राहते आणि बंद पेटीत पांढरी भुकटी पुन्हा धरते. माझी अवजारे पत्र्याच्या कपाटात, गंजरोधक कागदावर, एकमेकांना न लागता पडलेली असतात आणि खणावर चिठ्ठी असते, कारण माझ्या माघारी ती कोणाच्या हाती पडतील ते मला माहीत नाही.

ती नुसती बघायची आहेत असे मात्र मी मानत नाही. शेजारच्या त्या मुलाने मध्यंतरी एक जुनी बुलेट घेतली. तिच्या इंजिनावरच्या काही नटांना १३ नंबरचा पाना बसत नाही आणि १४ नंबरचा फिरतो, कोपरे गोल व्हायला लागले, तेव्हा तो पुन्हा माझ्याकडे आला. पाव इंच व्हिटवर्थचा तो पाना नटावर खटकन बसला. हातमोजे घालायचे, काम झाले की साबणाने हात धुवायचे, पाना कानस, पॉलिश पेपर किंवा ज्योत यांच्या वाऱ्यालाही उभा करायचा नाही, एवढ्या अटी त्याने मान्य केल्या. बुलेटचे काम अजून संपलेले नाही, त्यामुळे सध्या पाना त्याच्याकडेच आहे.